शुश्रूषेचे शास्त्र : नाइटिंगेल यांच्यापासून बऱ्हाणपूरच्या प्रसूतिगृहापर्यंत

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांना आधुनिक शुश्रूषेच्या पहिल्या सिद्धांतकार मानले जाते. शाळेच्या पुस्तकात त्या हातात दिवा घेऊन जखमी शिपायांच्या रांगेतून फिरणाऱ्या दयाळू बाई म्हणून भेटतात. ते चित्र खरे आहे, पण फार अपुरे आहे. रुग्णालयात प्रत्यक्ष काम त्यांनी जेमतेम तीन वर्षे केले. पुढचे आयुष्य त्यांनी एकाच प्रश्नाला वाहिले : आजारी माणूस कशाने बरा होतो आणि केवळ हयगयीमुळे कशाने मरतो? या प्रश्नाचा माग काढताना त्या हिंदुस्थानच्या छावण्यांपर्यंत आणि मुंबई इलाख्यातल्या खेड्यांपर्यंत पोहोचल्या. या देशात मात्र त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. शहराचेच नाव मुलीला मिळाले. वडील विल्यम नाइटिंगेल यांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्स यांना गणिताची ओढ होती आणि आकड्यांचे तक्ते वाचण्यात त्यांचे मन रमे. सतराव्या वर्षी देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे अशी त्यांची खात्री झाली. नर्स होण्याची इच्छा त्यांनी बोलून दाखवली तेव्हा घरात वादळ उठले. त्या काळी इंग्लंडातल्या रुग्णालयांत रोग्यांची उठबस करणाऱ्या बायका बहुधा गरीब, अशिक्षित असत आणि त्यांच्याविषयी दारूबाजपणाचे प्रवाद असत. खानदानी मुलीने त्यांच्यात जायचे ही कल्पनाच घरच्यांना सहन होईना. परवानगी मिळायला वर्षे गेली. १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थ येथील धार्मिक सेवासंस्थेत त्यांनी तीन महिने शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्या हाती आली. तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी इंग्रज शिपायांचे हाल वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागले तेव्हा युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांनी नाइटिंगेल यांना ३८ नर्सेससह तुर्कस्तानला पाठवले. नोव्हेंबर १८५४ मध्ये हे पथक इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीच्या बराकीत पोहोचले. तिथल्या रुग्णालयात अंथरुणे अपुरी होती, स्वयंपाकाची धड सोय नव्हती, कपडे धुतले जात नव्हते आणि इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. नाइटिंगेल यांनी धुलाईखाना आणि स्वयंपाकघर उभे केले, सामान मिळवले, नर्सेसना शिस्त लावली आणि रात्री दिवा घेऊन फेऱ्या घातल्या. इथवरची हकिकत सर्वांना माहीत असते.

पुढची हकिकत अधिक महत्त्वाची आहे. त्या पोहोचल्यावरही मृत्यू थांबले नाहीत. उलट फेब्रुवारी १८५५ मध्ये ते कळसाला गेले. उपचारासाठी आलेल्या दर शंभरांतले सुमारे ४२ मरत होते. मार्चमध्ये इंग्लंडहून आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे उपसली, पाण्याचे मार्ग साफ केले, भिंतींना चुना फासला आणि हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा दोनाच्या आसपास आले. यातला अर्थ नाइटिंगेल यांना पूर्णपणे उमगला तो मायदेशी परतल्यावर, संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत मृत्यूंचे आकडे मांडले तेव्हा. लढाईतल्या जखमांनी जितके शिपाई मेले त्याच्या कितीतरी पट टायफस, कॉलरा आणि हगवणीने मेले होते, आणि हे रोग रुग्णालयातच फोफावले होते. नुसती माया आणि मेहनत पुरेशी नसते, ती योग्य जागी लागावी लागते, हा धडा त्यांनी स्वतःच्या रुग्णालयाच्या आकड्यांवरून घेतला आणि लपवला नाही. त्यांच्या मोठेपणाचे मूळ इथे आहे. मंत्र्यांना आणि सेनाधिकाऱ्यांना हे एका दृष्टिक्षेपात कळावे म्हणून त्यांनी महिन्यागणिक मृत्यू दाखवणारी, पाकळ्यांसारखी वर्तुळाकार आकृती तयार केली. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

क्रिमियात जडलेल्या तापाने त्यांची प्रकृती कायमची ढासळली. १८५७ पासून पुढे बरीच वर्षे त्या बहुतेक काळ खोलीत आणि अंथरुणावर होत्या. त्यांचे सगळे महत्त्वाचे लेखन या अवस्थेतले आहे. आजारपण म्हणजे काय हे त्या दोन्ही बाजूंनी जाणत होत्या, हे त्यांच्या ओळीओळीत जाणवते.

‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे त्यांचे छोटेसे पुस्तक १८५९ च्या अखेरीस छापले गेले. ते नर्सेसच्या प्रशिक्षणासाठी लिहिलेले नव्हते. घरातल्या बाईवर कधी ना कधी कुणाच्या तरी आजारपणाची जबाबदारी येतेच, तिला विचार करायला मदत व्हावी म्हणून ते लिहिले होते. त्यातला मध्यवर्ती विचार असा : बरे करण्याचे काम निसर्ग करतो. औषध आणि शस्त्रक्रिया अडथळे दूर करतात. शुश्रूषेचे काम म्हणजे निसर्गाला आपले काम करता येईल अशा स्थितीत रोग्याला ठेवणे. त्यासाठी स्वच्छ हवा, शुद्ध पाणी, नीट वाहणारी गटारे, स्वच्छता आणि उजेड या पाच गोष्टी घराच्या आरोग्याचा पाया आहेत. रोग्याला जे त्रास होतात त्यांतले पुष्कळसे रोगाचे नसून यांपैकी काहीतरी कमी पडल्याचे असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे शुश्रूषेच्या अभ्यासक्रमात याला पर्यावरण सिद्धांत असे नाव मिळाले आणि आजही नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला तो शिकवला जातो.

पण सिद्धांतापेक्षाही वाचनीय आहेत ते पुस्तकातले बारकावे. रोग्याच्या दाराबाहेर कुजबुजणे हे मोठ्याने बोलण्यापेक्षा वाईट, कारण आपल्याविषयीच काहीतरी चालले आहे या शंकेने तो कान टवकारून पडून राहतो. न खाल्लेले ताट त्याच्या उशाशी तासन्‌तास ठेवू नये; ते बघून आणि त्याचा वास घेऊन त्याची उरलीसुरली भूकही मरते. अंथरूण खिडकीजवळ असावे आणि त्यातून आकाश दिसावे. एकाच भिंतीकडे बघत पडून राहणे हा आजाराइतकाच छळ आहे. फुले, रंग, बाहेरचे दृश्य यांचा शरीरावर परिणाम होतो. भेटीला येणाऱ्यांच्या पोकळ दिलाशांवर आणि फुकटच्या सल्ल्यांवर तर त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. ‘काही होत नाही, उद्या उठून बसाल’ असे म्हणणाऱ्यामुळे रोगी एकटा पडतो, कारण त्याला जे वाटते ते ऐकायला कुणीच उरत नाही. आपल्याकडच्या वॉर्डात भेटीच्या वेळी पलंगाभोवती जमणाऱ्या गर्दीला हे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे इतके ते नेमके आहे.

निरीक्षणाविषयीचे प्रकरण सर्वांत मोलाचे. ‘रात्री झोप बरी लागली का?’ हा प्रश्न त्यांना निरुपयोगी वाटे. कुणाला सलग दहा तास झोप लागली नाही तर रात्र वाईट गेली असे वाटते आणि कुणाला अधूनमधून डुलकी लागली तरी पुरे वाटते. किती तास आणि कोणत्या वेळी झोप लागली, हे विचारायला हवे. किती खाल्ले, किती वेळा शौचास झाले, रंग कसा होता, नाडी कशी होती, याची नेमकी नोंद हवी. आपण हजर असताना जे नीट होते ते आपण नसतानाही तसेच होईल अशी व्यवस्था लावणे, यालाच त्या चांगल्या नर्सची खूण मानत. आज प्रत्येक पाळीच्या शेवटी एक सिस्टर दुसरीला रुग्णांची माहिती सोपवते आणि पलंगाच्या पायथ्याशी तापाचा, नाडीचा, रक्तदाबाचा तक्ता लटकतो, त्यामागे हीच शिस्त आहे.

जनतेने क्रिमियाच्या कृतज्ञतेपोटी सुमारे ४५,००० पौंड जमवले होते. त्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सेसची शाळा उघडली. निवडून घेतलेल्या मुली, ठरलेला अभ्यासक्रम, राहण्याची सुरक्षित सोय, वागणुकीची आणि कामाची लेखी नोंद, आणि वॉर्डावर स्त्रीचाच अधिकार, हा तिचा पाया होता. इथे शिकलेल्या नर्सेस मेट्रन होऊन ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि इतर देशांत गेल्या आणि तिथे त्यांनी शाळा काढल्या. गरिबांच्या चाकरीचे हे काम शिक्षण घेऊन करायचा व्यवसाय झाले ते या शाळेपासून.

हिंदुस्थानशी त्यांचा संबंध आला तो १८५७ च्या उठावानंतर. इथे इंग्रजी फौज वाढली आणि तिच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला. असीरगडासारख्या किल्ल्यांवर आणि महू, कामठी, पुणे अशा छावण्यांत तेव्हा गोरे शिपाई राहत. नाइटिंगेल यांनी प्रश्नावली तयार करून छावण्यांकडे पाठवली : पाणी कुठून येते, मैला कुठे जातो, बराकीत माणशी जागा किती, मृत्यू किती? उत्तरांच्या राशी त्यांनी अंथरुणावरून चाळल्या. १८६३ च्या अहवालात निघालेला आकडा भयंकर होता. हजार शिपायांमागे दरवर्षी ६९ जण मरत होते, आणि तेही मुख्यतः टाळता येण्याजोग्या रोगांनी. पुढच्या दहा वर्षांत पाणी, सांडपाणी आणि बराकी सुधारल्यावर हे प्रमाण हजारी १८ पर्यंत खाली आले, अशी नोंद त्यांनी केली.

या कामातून त्यांची दृष्टी रुंदावली. छावणीच्या कुंपणापाशी आरोग्य थांबत नाही. शेजारचे गाव घाणेरडे पाणी पीत असेल तर छावणी निरोगी राहू शकत नाही, आणि गावातल्या लोकांचे जगणे शिपायांच्या जगण्याहून कमी मोलाचे नाही, असे त्या मांडू लागल्या. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. १८७६–७८ च्या दुष्काळाने त्या हादरल्या. पाटबंधारे, शेतसारा, सावकारी कर्ज यांवर त्यांनी लेख लिहिले, कारण उपाशी माणसाला स्वच्छतेचा उपदेश करण्यात अर्थ नाही हे त्यांना दिसत होते. राष्ट्रीय सभेचे नेते दादाभाई नौरोजी आणि विल्यम वेडरबर्न यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. पुण्याची सार्वजनिक सभा आणि मुंबईची प्रेसिडेन्सी असोसिएशन यांना पत्रे लिहून, खेड्यांच्या स्वच्छतेचा प्रश्न सरकारवर न सोडता लोकांनी हाती घ्यावा, असा आग्रह त्यांनी धरला. मुंबई इलाख्यात १८८९ मध्ये ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. त्याच्या चर्चेत त्या लंडनहून लक्ष घालत होत्या. गावोगाव घरोघर जाऊन बायकांना पाणी, घर आणि बाळंतपण यांविषयी समजावणाऱ्या स्त्रिया नेमाव्यात, ही कल्पना त्यांनी १८९० च्या दशकात मांडली. आजच्या आशा कार्यकर्तीच्या कामाशी ती कल्पना थेट मिळतीजुळती आहे.

बाळंतपण हा त्यांच्या अभ्यासाचा तुलनेने अज्ञात भाग. १८६२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांच्या निधीतून सुईणींच्या शिक्षणासाठी प्रसूती विभाग सुरू झाला. तिथे बाळंतज्वराने स्त्रिया दगावू लागल्या आणि काही वर्षांतच तो बंद करावा लागला. नाइटिंगेल यांनी पुन्हा आकडे गोळा केले आणि १८७१ मध्ये पुस्तक लिहिले. घरी बाळंत होणाऱ्या स्त्रियांपेक्षा मोठ्या संस्थांत बाळंत होणाऱ्या अधिक मरतात, हे त्यांनी मांडले. बाळंतीण आजारी नसते, ती निरोगी बाई असते. तिला आजाऱ्यांच्या सान्निध्यात ठेवणे हाच गुन्हा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा विषय मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या सीमेवर वसलेल्या बऱ्हाणपूरला परका नाही. १७ जून १६३१ रोजी शाहजहानची बेगम मुमताज महल याच शहरात, चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे कारण सामान्यतः सांगितले जाते. तिला आधी तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत पुरले आणि काही महिन्यांनी देह आग्र्याला नेला. साम्राज्यातले उत्तमातले उत्तम वैद्य हाताशी असणाऱ्या अडतीस वर्षांच्या स्त्रीची ही गत, तर तापीकाठच्या विणकराच्या किंवा शेतमजुराच्या घरातल्या बाईची काय असेल? याच शहरात त्याआधी, १६१५ च्या सुमारास, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात कुंडी भंडारा ही पाणीपुरवठ्याची व्यवस्था बांधली गेली होती. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारांतून, उघड्यावरच्या घाणीचा स्पर्श न होता, केवळ उताराच्या जोरावर शहरात येई. नाइटिंगेल यांनी दोन शतकांनंतर ज्या शुद्ध पाण्याचा ध्यास घेतला ते या शहराकडे होते. बाळंतिणीजवळ जाणता माणूस मात्र नव्हता. खानदेश, निमाड, वऱ्हाड या साऱ्या पट्ट्यात पुढेही कित्येक पिढ्या बाळंतिणीला अंधाऱ्या कोपऱ्यात, वारा लागू नये म्हणून झरोके बुजवून, शेगडीच्या धुरात ठेवले जाई, आणि जुन्यापान्या चिंध्या तिच्या वाट्याला येत.

महाराष्ट्रात शुश्रूषेचा इतिहास लिहिताना सावित्रीबाई फुले यांचे नाव आधी घ्यायला हवे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी उघडलेल्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करत होत्या आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. शिक्षण देऊन नर्सेस घडवण्याचे काम पुढे सेवासदनाने केले, आणि त्या धाग्याचे एक टोक नाइटिंगेल यांच्यापर्यंत जाते. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांचे चरित्र दयाराम गिडुमल यांनी लिहिले, त्याला नाइटिंगेल यांनी प्रस्तावना लिहिली होती. याच मलबारी आणि गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन उभारले आणि तिथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण मिळू लागले. त्यांत विधवा होत्या. सोवळ्यातल्या घरातली बाई कुठल्याही जातीच्या रोग्याचे अंग पुसणार, भांडे उचलणार, रात्रपाळी करणार, ही गोष्ट त्या काळच्या पुण्याला पेलणारी नव्हती. नाइटिंगेल यांच्या घरात उठलेले वादळ रमाबाईंना शेकडो घरांत सोसावे लागले. त्या डगमगल्या नाहीत. हे धैर्य नाइटिंगेल यांच्या धैर्याहून तसूभरही कमी नव्हते.

नाइटिंगेल यांच्या विचारांत उणिवाही होत्या. दूषित हवेतून रोग उपजतात या जुन्या समजुतीला त्या दीर्घकाळ धरून राहिल्या आणि जंतूंचा सिद्धांत त्यांनी उशिरा मान्य केला. त्यांचे उपाय तरीही लागू पडले, कारण घाण हटवली की जंतूही हटतात. नर्सेसची सरकारी नोंदणी करण्याला त्यांनी विरोध केला. चारित्र्य आणि कसब परीक्षेने मोजता येत नाही असे त्यांना वाटे. यात काळाने त्यांना चूक ठरवले. नोंदणीनेच नर्सला कायदेशीर प्रतिष्ठा दिली. भारतात १९४७ च्या कायद्याने परिचर्या परिषद स्थापन झाली, आणि २०२३ मध्ये त्याच्या जागी नव्या आयोगाचा कायदा झाला.

त्यांच्यानंतरच्या सिद्धांतकारांनी विचार पुढे नेला. अमेरिकेच्या हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ मध्ये नर्स आणि रुग्ण यांच्यातल्या नात्याला केंद्रस्थानी आणले. व्हर्जिनिया हेंडरसन (१८९७–१९९६) यांनी श्वास, अन्न, झोप, हालचाल, संवाद, उपासना अशा चौदा गरजा सांगितल्या. बळ, इच्छा किंवा ज्ञान असते तर माणसाने स्वतःच जे केले असते ते त्याच्यासाठी करणे, आणि शक्य तितक्या लवकर त्याला स्वतःच्या पायांवर उभे करणे, ही त्यांची शुश्रूषेची व्याख्या जगभर मान्य झाली. नाइटिंगेल यांनी रोग्याभोवतीची खोली पाहिली, हेंडरसन यांनी त्या खोलीतल्या माणसाची इच्छा पाहिली.

१९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा ब्रिटिश सन्मान मिळवणाऱ्या नाइटिंगेल या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाचा प्रस्ताव कुटुंबाने नाकारला आणि हॅम्पशायरमधल्या गावच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. भारतात १९७३ पासून उत्कृष्ट नर्सेसना त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो.

पुरस्कारांहून मोठी कसोटी प्रसूतिगृहात लागते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आजही मातामृत्यूच्या प्रमुख कारणांत आहे, आणि तो वेळीच ओळखणारी व्यक्ती बहुधा नर्स असते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तासांत दर थोड्या वेळाने नाडी आणि रक्तदाब बघणे, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की सैल हे तपासणे, कापड किती भिजले याची नोंद ठेवणे आणि शंका येताच डॉक्टरांना हाक मारणे, एवढ्यावर जीव वाचतो. नाइटिंगेल ज्याला निरीक्षण म्हणत ते हेच. २०१८–२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, मध्य प्रदेशात १७३. बऱ्हाणपूर ज्या सीमेवर वसले आहे तिच्या दोन बाजूंमधले हे अंतर आहे. त्याला गरिबी, पांडुरोग, कमी वयातली लग्ने, दूरचे रस्ते अशी अनेक कारणे आहेत. पण रात्रपाळीला एका नर्सवर किती बाळंतिणी सोपवल्या जातात, हेही त्यांतले एक कारण आहे, आणि ते सरकारच्या हातातले आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि तालुक्याच्या प्रसूतिगृहांत नर्सेसच्या रिकाम्या जागा भरणे, हे मातामृत्यू कमी करण्याच्या कामातले पहिले पाऊल मानले गेले पाहिजे, आणि नागरिकांनी आपल्या प्रतिनिधींकडे त्याचा हिशेब मागितला पाहिजे.